बेटावरचा गाणारा पक्षी: जाती की उपजाती, आणि त्याचं नाव ठरतं कसं?

आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर कॅनरी बेटं आहेत. त्यांपैकी ग्रान कॅनेरिया बेटावरच्या पाइनच्या जंगलात एक निळसर राखाडी चॅफिंच, म्हणजे एक छोटा गाणारा पक्षी, राहतो. पंधरा वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडलंत तर तो फ्रिंजिला टेडिया पोलाट्झेकी, म्हणजे शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या निळ्या चॅफिंचची उपजाती. आजची यादी उघडलीत तर तोच पक्षी फ्रिंजिला पोलाट्झेकी, स्वतंत्र जाती. पक्षी तोच आहे, आणि नावापुढे लागणारं ‘हार्टर्ट, १९०५’, म्हणजे नाव देणारा आणि साल, हेही तसंच आहे. मग बदललं काय?

याचं उत्तर समजलं की बेटावरच्या कुठल्याही पक्ष्याच्या नावाचा गुंता सोडवता येतो. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक गोंधळ ती एकत्र केल्याने होतो. वर्गीकरण हे मत असतं. पुराव्यावर उभं असलेलं, पण मतच. नामकरण मात्र कायद्यासारखं चालतं, त्याला कलमं आहेत आणि तिथे तुमच्या-माझ्या मताला फारशी जागा नाही. आधी मत बनवायचं आणि मग कायदा बघायचा, हा क्रम उलटा करू नका.

शब्दांचं एकदा ठरवून घेऊ. वर्तमानपत्रं ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात त्याला जीवशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तकं ‘जाती’ म्हणतात, आणि त्यांच्या लेखी ‘प्रजाती’ ही त्याच्या वरची पायरी असते. या लेखात पाठ्यपुस्तकाचा शिरस्ता पाळला आहे. फ्रिंजिला ही प्रजाती, फ्रिंजिला टेडिया ही जाती, आणि तिच्यापुढे तिसरा शब्द लागला की उपजाती.

सुरुवात समुद्राच्या खोलीपासून

पक्ष्याकडे नंतर बघा, आधी सागरतळाचा नकाशा काढा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. दोन बेटांमधलं पाणी त्याहून उथळ असेल तर ती तेव्हा जमिनीने जोडलेली होती. तिथले पक्षी भूगर्भाच्या हिशेबाने अगदी कालपर्यंत एकमेकांत मिसळत असणार. पाणी खोल असेल तर बेटं तेव्हाही जोडलेली नव्हती, आणि एकदा वाऱ्यावर भरकटत आलेल्या थव्याचे वंशज तिथे एकटेच वाढलेले असू शकतात. टेनेरिफ आणि ग्रान कॅनेरिया ही ज्वालामुखीतून वर आलेली बेटं आहेत. मधला समुद्र खोल आहे.

इंडोनेशियात हीच युक्ती शोधासाठी वापरली गेली. सुलावेसीजवळची तालियाबू आणि पेलेंग ही बेटं खोल पाण्याने वेढलेली आहेत, तेव्हा तिथे नोंद न झालेले पक्षी असावेत असा अंदाज बांधून २०१३-१४ मध्ये संशोधक तिथे गेले. २०२० साली त्या मोहिमेतून गाणाऱ्या पक्ष्यांच्या पाच नव्या जाती आणि पाच उपजाती जाहीर झाल्या. जंगलात पाऊल टाकण्याआधी अर्धं काम नकाशावर झालं होतं.

मूळ अडचण

दोन पक्षी निसर्गात एकमेकांशी जोड्या जमवून सक्षम पिल्लं वाढवत असतील तर ते एका जातीचे, ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. बेटावर ती हात टेकते. टेनेरिफचा नर ग्रान कॅनेरियाच्या मादीला कधी भेटतच नाही, तर त्यांचं जमेल की नाही हे निसर्गात बघायचं कसं? पिंजऱ्यात जोडी लावून पाहण्यातही अर्थ नाही. पिंजऱ्यात इतर पर्याय नसल्यामुळे एरवी एकमेकांना हुंगूनही न बघणारे पक्षी जोडी जमवतात.

म्हणून प्रश्न फिरवून विचारायचा. एकाच जंगलात शेजारी राहूनही न मिसळणाऱ्या जवळच्या जातींमध्ये जेवढा फरक असतो, तेवढा या दोघांत आहे का? पुढची सगळी मोजमापं या एका प्रश्नासाठी आहेत.

पिसं आणि मापं

संग्रहालयातले नमुने बघताना पहिली चूक रंगाची होते. शंभर वर्षं कप्प्यात पडलेली कातडी तपकिरीकडे झुकते. १९०५ चा नमुना आणि १९९० चा नमुना शेजारी ठेवून ‘बघा, हा जास्त मातकट आहे’ असं म्हणण्यात काही राम नाही. तुलना करायची ती साधारण त्याच काळात गोळा केलेल्या, त्याच लिंगाच्या, त्याच वयाच्या आणि वर्षाच्या त्याच महिन्यांतल्या पक्ष्यांची. पिसं झडून नवी आल्यावरचा पक्षी आणि वीण संपताना झिजलेल्या पिसांचा पक्षी, हे एकाच जातीचे असूनही दोन वाटतात.

मापं घेणारा हात शक्यतो एकच असावा. मिटलेल्या पंखाची लांबी, शेपटी, नडगी, आणि चोचीची लांबी, उंची, रुंदी एवढं पुरतं. पण पंख नैसर्गिक वाकासह मोजला की पट्टीवर दाबून सपाट केला, चोच कवटीपासून मोजली की पिसांच्या कडेपासून, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोन लोकांनी दोन पद्धतींनी घेतलेली मापं एकत्र केली की नसलेली जातीही निर्माण होते.

निळ्या चॅफिंचच्या बाबतीत पिसं बरंच बोलतात. टेनेरिफचा नर मोठा आणि जास्त निळा. ग्रान कॅनेरियाचा लहान आणि जास्त राखाडी, पण त्याच्या पंखांवरचे पांढरे पट्टे अधिक ठळक.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चष्मेवाल्याची एक जाती आहे, झोस्टेरॉप्स बोर्बोनिकस. बेट जेमतेम २,५०० चौरस किलोमीटरचं. तरी त्यावर या पक्ष्याची रंगाने वेगवेगळी रूपं वेगवेगळे भाग धरून राहतात. कुणाचं डोकं राखाडी, कुणाचं तपकिरी, कुणाची पाठ राखाडी. उंचावर तर राखाडी आणि तपकिरी पक्षी एकाच थव्यात दिसतात. कप्प्यातले नमुने बघून कुणीही त्यांच्या तीन-चार जाती केल्या असत्या. पण जिथे दोन रूपांच्या हद्दी भिडतात तिथे मधल्या रंगाचे पक्षी सापडतात, म्हणून ती सगळी एकच जाती. रंग साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

गाणं

गाणाऱ्या पक्ष्यांचं गाणं हा उत्तम पुरावा आहे आणि तितकाच फसवा. उत्तम यासाठी, की नर गाण्यावरून हद्द राखतो आणि मादी गाण्यावरून नर निवडते. वेगळेपणाची भिंत खरोखर जिथे उभी राहते ती जागा हीच. फसवा यासाठी, की हे पक्षी गाणं मोठ्यांकडून शिकतात. बेटावर आलेल्या पहिल्या थव्यात चार तरुण, अर्धवट शिकलेले नर असतील तर पुढच्या पिढ्या तेच अर्धवट गाणं गात राहतात. ही बोलीभाषा झाली, रक्तातला फरक नव्हे.

म्हणून फक्त गाणं मुद्रित करून थांबू नका. साद, म्हणजे धोक्याची, उडतानाची, थव्याला बोलावण्याची छोटी हाक, हीसुद्धा घ्या. ती बऱ्याच पक्ष्यांत शिकण्यावर कमी अवलंबून असते. एका बेटावर दोन-तीन नर न घेता जंगलाच्या वेगवेगळ्या टोकांचे दहा-वीस नर घ्या, नाहीतर तुम्ही बेटांमधला नव्हे तर दोन शेजाऱ्यांमधला फरक मोजून याल. सोनोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, सर्वांत वरची आणि खालची वारंवारिता, एका गाण्याची लांबी आणि सुरांची गती मोजा.

त्यापुढची पायरी म्हणजे ऐकवून बघणं. एका नराच्या हद्दीत त्याच्याच बेटावरचं गाणं, दुसऱ्या बेटावरचं गाणं आणि तुलनेसाठी अगदीच परक्या पक्ष्याचं गाणं, असं वेगवेगळ्या वेळी वाजवायचं आणि तो किती जवळ येतो, किती वेळात उत्तर देतो हे टिपायचं. दुसऱ्या बेटाच्या गाण्याकडे त्याने दुर्लक्ष केलं तर तुमच्या हाती दमदार पुरावा आला. हे मोजकंच करा. घरटं चालू असताना नराला तासभर काल्पनिक शत्रूमागे पळवणं हा अभ्यास नव्हे, छळ आहे.

जनुकं, आणि ‘दोन टक्के’ नावाची अफवा

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये दोन टक्के फरक असला की वेगळी जाती, असं ठोकून सांगणारे भेटतात. असा कुठलाही नियम नाही. हा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून तो वंशाची एकच बाजू सांगतो. शिवाय बेटावर मोजकेच पक्षी पोचलेले असतात. त्यांच्यात योगायोगाने जे होतं तेच पसरतं आणि फरक झपाट्याने पक्का होतो. त्यामुळे केंद्रकातल्या डीएनएचीही साथ लागते. जुन्या नमुन्याच्या पायाच्या तळव्यातून खवल्याएवढा तुकडा घेऊनही आता हे जमतं.

निळ्या चॅफिंचवर २०१६ साली दोन स्वतंत्र अभ्यास छापून आले. दोघांनीही एकाच पुराव्यावर भिस्त ठेवली नाही. पिसं, मापं, गाणं, जनुकं, आणि एका अभ्यासात तर शुक्राणूंची लांबीसुद्धा. सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, म्हणून निकाल टिकला.

गुण देणं

मत बनवायचं तरी किती फरकाला? यासाठी २०१० साली पक्षीशास्त्रज्ञ टोबायस आणि सहकाऱ्यांनी एक गुणपद्धत मांडली. ती परिपूर्ण नाही, पण नवख्याला शिस्त लावायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. प्रत्येक फरकाला १ ते ४ गुण: किरकोळ १, मध्यम २, मोठा ३, असाधारण ४. पिसांचे जास्तीत जास्त तीन फरक धरायचे, मापांचे दोन (एक वाढलेलं, एक घटलेलं), आवाजाचे दोन आणि वागणुकीचा किंवा अधिवासाचा एक. बेरीज ७ झाली तर जाती. नुसत्या किरकोळ फरकांची चिल्लर जमवून ७ करता येत नाहीत. आणि जनुकांना इथे गुणच नाहीत, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

मापांचे गुण डोळ्यांनी द्यायचे नसतात. दोन बेटांच्या सरासरीतला फरक घ्या आणि त्याला दोन्हींच्या एकत्रित प्रमाण विचलनाने (मापं सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्या आकड्याने) भागा. उत्तर ०.२ ते २ असेल तर किरकोळ, २ ते ५ मध्यम, ५ ते १० मोठा, १० च्या वर असाधारण. समजा एका बेटावर चोचीची सरासरी १८ मिमी, दुसऱ्यावर १५ मिमी आणि विचलन ०.५ मिमी. भागाकार ६ आला, म्हणून ३ गुण. त्याच लांब चोचीच्या पक्ष्याची नडगी थोडी आखूड आणि भागाकार १.४ असेल तर आणखी १. आता ४ झाले. उरलेले तीन रंग आणि आवाजातून यायला हवेत. नाही आले तर पक्षी उपजातीच राहील आणि त्यात त्याचा काही अपमान नाही.

हे सांगायचं कारण असं की स्वतंत्र जाती ठरली की पक्ष्याला वलय येतं, संवर्धनाचा निधीही सोपा होतो. ग्रान कॅनेरियाचा चॅफिंच जगात काही शेच उरला आहे, आणि २००७ च्या वणव्यात त्याचं इनागुआचं जंगल होरपळलं. अशा पक्ष्याला जाती म्हणायचा मोह होणारच. पण दुर्मिळ आहे म्हणून वेगळी जाती, हा तर्क उलटा आहे. त्या पक्ष्याच्या बाबतीत पुरावा मोहाच्या बाजूने निघाला, हे त्याचं नशीब.

कुठल्या प्रजातीत?

बेटावरचे पक्षी रूप इतकं बदलतात की प्रजाती ठरवताना भलेभले फसतात. आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर जाड चोचीचा, दणकट, तपकिरी पक्षी आहे. १८८८ साली पोर्तुगीज प्राणीशास्त्रज्ञ बोकाजने त्याला अँब्लिओस्पिझामध्ये टाकलं, म्हणजे सुगरणीच्या नातलगांत. पुढे त्याच्यासाठी निओस्पिझा ही खास प्रजाती काढली गेली. मग तो जवळजवळ शतकभर कुणाला दिसलाच नाही आणि १९९१ साली पुन्हा सापडला. जनुकं तपासल्यावर २०१७ मध्ये उलगडलं की हा फुगून मोठा झालेला कॅनरीचा भाऊबंद आहे. आज तो क्रिथाग्रा कॉन्कलर. चोचीचा आकार खाण्याप्रमाणे बदलतो. प्रजाती ठरवताना चोचीवर सर्वांत कमी विश्वास ठेवा.

गॅलापागोसच्या मॉकिंगबर्डांचंही तसंच. त्यांच्यासाठी नेसोमिमस, म्हणजे ‘बेटावरचा मिमस’, अशी वेगळी प्रजाती होती. ते मुख्य भूमीवरच्या मिमसच्याच एका फांदीवर बसतात असं दिसल्यावर ती मोडीत निघाली. बेटावरच्या वेगळेपणाने भारावून नवी प्रजाती काढली की मूळ प्रजातीच्या झाडाला भोक पडतं.

आता कायदा: आधी कप्पा उघडा

मत बनलं, स्वतंत्र जाती आहे असं ठरलं. लगेच नवं नाव सुचवायला बसू नका. पहिला प्रश्न असा: या बेटावरच्या पक्ष्याला आधी कुणी, कुठल्याही दर्जाचं नाव दिलंय का? दिलं असेल आणि ते नियमात बसत असेल तर तेच वापरावं लागतं. प्राण्यांच्या नामकरणाची संहिता, जिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे, उपजातीच्या नावाला आणि जातीच्या नावाला एकाच पंगतीत बसवते. उपजाती बढती मिळून जाती झाली तरी नाव, नाव देणारा आणि साल तसंच राहतं. ‘हार्टर्ट, १९०५’ का टिकलं याचं उत्तर हे. त्याने कॅनरी बेटांवर पक्षी गोळा करणाऱ्या योहान पोलाट्झेकवरून उपजातीचं नाव ठेवलं होतं. २०१६ मध्ये कुणाला काही सुचवायची गरजच पडली नाही.

साध्या चॅफिंचची बेटांवरची रूपं अलीकडे वेगळी झाली तेव्हाही हेच घडलं. कॅनरीचा कॅनारिएन्सिस (१८१७), अझोर्सचा मोरेलेटी (१८५९), मदैराचा माडेरेन्सिस (१८८८): सगळी नावं शतकभर आधीच कप्प्यात तयार होती.

शोधायचं कुठे? जगातल्या पक्ष्यांची पीटर्सची सोळा खंडांची सूची (१९३१ ते १९८७) हा पाया. तिथून मूळ लेखाचा संदर्भ घ्या आणि तो लेख बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात स्वतः उघडून वाचा. दुसऱ्याने उतरवलेल्या स्पेलिंगवर, तारखेवर विसंबू नका. मग मूळ नमुना कुठल्या बेटावरचा आहे ते पडताळा, कारण नाव त्या नमुन्याला बांधलेलं असतं, तुमच्या समजुतीला नाही. हार्टर्टच्या नावांचा माग काढताना एक खाचखळगा आहे. तो इंग्लंडमधल्या ट्रिंगला रॉथशिल्डच्या संग्रहालयात काम करत होता, पण त्या पक्षीसंग्रहाचा मोठा भाग १९३२ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीकडे गेला.

एकाच पक्ष्याला दोन नावं सापडली तर जुनं जिंकतं. मोजणी १७५८ पासून, म्हणजे लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून.

कंस आणि लिंग

कंसाचा अर्थ बऱ्याच जणांना माहीत नसतो. रासो चंडोल मूळचा केप व्हर्देच्या ७ चौरस किलोमीटरच्या रासो बेटावरचा. त्याचं नाव असं लिहितात: अलाउडा राझे (अलेक्झांडर, १८९८). कंस सांगतो की अलेक्झांडरने त्याला दुसऱ्या प्रजातीत, स्पिझोकोरिसमध्ये, ठेवलं होतं. फ्रिंजिला पोलाट्झेकी हार्टर्ट, १९०५ याला कंस नाही, कारण तो पहिल्यापासून फ्रिंजिलामध्येच आहे. कॅनरीला मात्र आहे: सेरिनस कॅनारिया (लिनियस, १७५८), कारण लिनियसने तिला फ्रिंजिला म्हटलं होतं. (गंमत म्हणजे पक्ष्याला नाव बेटावरून मिळालं आणि बेटाला, रोमन लेखक प्लिनीचं ऐकायचं तर, तिथल्या कुत्र्यांवरून.)

दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याला प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलावं लागतं, मराठीत ‘काळा’चं ‘काळी’ होतं तसं. सेशेल्सचा चष्मेवाला जुन्या पुस्तकांत झोस्टेरॉप्स मॉडेस्टा आहे आणि नव्यांत मॉडेस्टस. ‘-ऑप्स’ने संपणाऱ्या जोडशब्दी प्रजाती पुल्लिंगी धरायच्या असं संहिता सांगते. फक्त प्रत्यय बदलला, म्हणून कंस लागत नाही. व्यक्तीच्या नावावरून आलेला शब्द असा बदलत नाही, पोलाट्झेकी कुठेही गेला तरी पोलाट्झेकीच.

खरोखरच नाव नसेल तर

तेव्हाच नवं नाव. १९९९ नंतर छापलेल्या नावासाठी अटी कडक आहेत: ही नवी जाती आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, इतरांपासून वेगळी कशी ओळखायची ते शब्दांत हवं, आणि एक ठरावीक नमुना, होलोटाइप, कुठल्या संग्रहात ठेवला हे सांगितलेलं हवं. २०१२ पासून फक्त ऑनलाइन निघणारा लेखही चालतो, पण तो झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदलेला असावा आणि तसं लेखात दिसावं. आणि छापून येईपर्यंत ते नाव भाषणात, फोटोखाली, मित्राच्या पोस्टमध्ये कुठेही फुटू देऊ नका. अर्धवट बाहेर आलेल्या नावाने पुढे फार डोकेदुखी होते.

पुरुषावरून नाव असेल तर शेवटी ‘-ई’, स्त्रीवरून असेल तर ‘-ए’. रोटे बेटावरच्या मायझोमेला या मधुभक्षी पक्ष्याला २०१७ मध्ये इंडोनेशियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीवरून इरियानाविडोडोए हे नाव मिळालं. स्वतःचं नाव पक्ष्याला देऊ नये, हा शिष्टाचार आहे. मला विचाराल तर व्यक्तींपेक्षा जागेची आणि तिथल्या भाषेची नावं जास्त शोभतात. तालियाबूच्या मायझोमेला वाहे या नावातलं ‘वाहे’ हे तिथल्या गावाचं नाव. पेलेंगच्या पर्णवटवट्याला दिलेलं सुआरामेर्दू म्हणजे इंडोनेशियन भाषेत गोड आवाज, आणि त्यातलं ‘सुआरा’ म्हणजे आपल्या ओळखीचा ‘स्वर’च.

याद्या आणि वही

नाव छापून आलं म्हणजे सगळ्यांनी मानलं असं नाही. बरीच वर्षं जगात पक्ष्यांच्या तीन-चार मोठ्या याद्या होत्या आणि एकाच बेटावरचा पक्षी एकीत जाती, दुसरीत उपजाती असे. जून २०२५ मध्ये एविलिस्ट नावाची एकत्रित यादी आली, तिच्यात तेव्हा ११,१३१ जाती होत्या. तीही दरवर्षी बदलणार.

म्हणून आपल्या नोंदीत नावाशेजारी कुठल्या यादीप्रमाणे आणि कुठल्या वर्षीची हे लिहा. त्याहून महत्त्वाचं, बेटाचं नाव लिहा. १९९० सालच्या वहीतली ‘निळा चॅफिंच, ग्रान कॅनेरिया’ ही नोंद आज काहीही खटपट न करता फ्रिंजिला पोलाट्झेकी होते. ‘निळा चॅफिंच, कॅनरी बेटं’ एवढंच लिहिलेली नोंद मात्र दोन जातींच्या मध्ये कायमची लोंबकळत राहते.